भिंतीएवढं कापड: लांबून, जवळून आणि बाजूनं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आपण कापडाविषयी बोलणार आहोत. आफ्रिका खंडातले काही कलाकार कापडाची फार मोठी कामं करतात. एखादं काम अख्खी भिंत झाकतं. एखादं अर्धा एकर जागेवर पसरतं. एखादं इतकं लांब असतं, की ते पाहायला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं लागतं. ही कामं नेसायची नसतात, पांघरायचीही नसतात. ती टांगायची आणि पाहायची असतात. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती लागतात आणि लोक लांबून लांबून ती बघायला येतात.

तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? संबंध आहे. ज्या बाईनं आयुष्यात एक तरी गोधडी शिवली, पोत्याचं तोंड दाभणानं शिवलं, जुन्या लुगड्याचा काठ काढून परकराला लावला, तिला कापड वाचता येतं. टाका दाट आहे की विरळ, दोरा ओढला गेलाय की सैल राहिलाय, जोड कुठं आहे, झोळ कुठं पडलाय, हे तिच्या डोळ्याला आपोआप दिसतं. पुष्कळ शिकलेल्या माणसालाही ते दिसेलच असं नाही. पाहण्याची थोडी रीत मात्र लागते. ती रीत आज चार कलाकारांच्या आणि गटांच्या कामांवरून समजून घेऊ.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशी कामं मोबाइलच्या फोटोत कळत नाहीत. तीस फुटांचं कापड आणि हातरुमाल, दोन्ही फोटोत बोटभरच दिसतात. कापडाला वजन असतं, ते खाली ओढलं जातं, त्याला चुण्या पडतात, चुण्यांत सावली बसते, दार उघडलं की ते हलतं. यातलं काही फोटोत येत नाही. म्हणून ही कामं समोर उभं राहूनच पाहायची असतात. आणि समोर गेल्यावर एकाच जागी उभं राहायचं नसतं.

आधी लांबून, मग अगदी जवळून

पहिले कलाकार एल अनात्सुई. यांचा जन्म १९४४ सालचा, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना देशातला. तिथं केंते नावाचं कापड विणतात. केंते विणण्याची पद्धत वेगळी आहे. माग अरुंद असतो, त्यावर चार-पाच बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी निघते. मग अशा पट्ट्या एकमेकींना शिवून मोठं कापड करतात. अनात्सुईंच्या घरातले पुरुष हे कापड विणत. पुढं ते शेजारच्या नायजेरिया देशात गेले. १९७५ पासून त्यांनी तिथल्या न्सुका गावच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवली.

१९९० नंतरच्या दशकात एकदा त्यांना टाकून दिलेली एक पिशवी सापडली. पिशवीत दारूच्या बाटल्यांची बुचं होती. पातळ पत्र्याची, लाल, पिवळी, सोनेरी, काळी. त्यांनी ती ठोकून सपाट केली. बाटलीच्या गळ्याभोवती जी पत्र्याची पट्टी असते ती कापून उलगडली. प्रत्येक तुकड्याला भोकं पाडली आणि तांब्याच्या बारीक तारेनं तुकड्याला तुकडा जोडला. कापडाचा धागा नाही, सुई नाही. पण पद्धत तीच, लहान तुकडे जोडून मोठं अंग तयार करायची. आता त्यांच्या कामशाळेत गावातले कितीतरी तरुण बसून हे तुकडे जोडतात. आधी छोटे चौक तयार होतात. मग ते जमिनीवर मांडून, हलवून, बदलून मोठं काम जुळवलं जातं. एका कामाला हजारो बुचं लागतात.

आता हे काम कसं पाहायचं? आधी लांबून. लांबून ते भरजरी शालूसारखं दिसतं. सोन्याची झळाळी, मध्येच लाल लाट, खाली लोंबणारा घोळ. पत्र्याचं आहे अशी शंकाही येत नाही. मग हळूहळू जवळ जायचं. दहा पावलांवर झळाळी तुटायला लागते, तुकडे दिसू लागतात. हातभर अंतरावर गेलं की तार दिसते, तिची पिळलेली टोकं दिसतात, बुचांवर छापलेली दारूची नावं वाचता येतात. शालू गेला. आता समोर बाटल्यांचा कचरा आहे.

इथं क्षणभर थांबायचं. कलाकाराला दाखवायचं ते इथंच आहे. युरोपातले व्यापारी जहाजातून पश्चिम आफ्रिकेत आले, तेव्हा त्यांनी आणलेल्या मालात दारू होती. त्या मालाच्या बदल्यात ते माणसं नेत. त्या माणसांना गुलाम करून समुद्रापलीकडं अमेरिकेच्या बाजूला उसाच्या मळ्यांत राबवलं. त्या उसाच्या मळीपासून पुन्हा दारू झाली. दारू, माणसं आणि साखर यांचा हा फेरा शेकडो वर्षं चालला. एक बूच म्हणजे त्या फेऱ्याचा एक तुकडा. आपल्याकडं गावोगावच्या बायांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दारूची दुकानं बंद केली आहेत. बाटलीच्या बुचामागं किती घरांची गोष्ट असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एवढं कळल्यावर पुन्हा मागं जायचं आणि लांबून पाहायचं. आता तीच झळाळी वेगळी दिसते. लांबून, जवळून आणि परत लांबून, ही पहिली रीत.

अनात्सुईंच्या कामात आणखी एक गंमत आहे. त्याला ठरलेला आकार नाही. घडी करून पेटीतून पाठवता येतं. टांगणाऱ्यांनी ते आपल्या भिंतीप्रमाणं टांगावं, चुण्या हव्या तशा पाडाव्यात, अशी मोकळीक ते देतात. म्हणजे साडी तीच, नेसणारी वेगळी. एकच काम दोन गावांत दोन तऱ्हांनी दिसतं. आणि ज्यांनी ते टांगलं त्यांच्याही हाताचा त्यात वाटा असतो.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत लंडनमध्ये टेट मॉडर्न या संग्रहालयात त्यांचं मोठं काम लागलं होतं. ती इमारत पूर्वी वीजनिर्मिती केंद्र होती. यंत्रं ठेवायचा तिथला दालनवजा भाग सुमारे ३५ मीटर उंच आहे, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा. त्यात त्यांनी तीन कामं टांगली. पहिलं जहाजाच्या शिडासारखं फुगलेलं. शेवटचं जमिनीपर्यंत कोसळणाऱ्या काळ्या भिंतीसारखं. मधल्या कामात पातळ जाळीचे वेगवेगळे तुकडे हवेत लोंबकळत होते, माणसांच्या आकृत्यांसारखे. कुठूनही पाहिलं तर ते सुटे सुटे दिसत. एका विशिष्ट जागी उभं राहिलं की मात्र सगळे तुकडे जुळून पृथ्वीचा एक गोल दिसे. दोन पावलं सरकलं की गोल मोडला, माणसं परत सुटी. एका जागी उभं राहणाऱ्याला यातलं काही कळलं नसतं.

मग बाजूनं

दुसरे कलाकार अब्दुलाये कोनाते. जन्म १९५३, माली देशातला. माली हा पश्चिम आफ्रिकेतला कापूस पिकवणारा देश. आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखाच तिथला शेतकरी पांढऱ्या सोन्यावर जगतो. आणि त्याची अडचणही ओळखीची आहे. बहुतेक कापूस रुईच्या रूपात बाहेर जातो, आणि भारी कापड बाहेरून आत येतं.

तिथल्या लग्नसमारंभात बाझँ नावाचं कापड मानाचं. सुती, विणीतच नक्षी असलेलं. पांढरं कापड युरोपासारख्या ठिकाणाहून येतं. बामाको शहरातल्या बाया ते रंगवतात, गडद निळं, जांभळं, केशरी. मग त्याला खळ देऊन लाकडी दांडक्यांनी इतकं बडवतात, की ते चकचकीत होतं आणि चालताना सळसळतं. हेच कापड कोनाते आपल्या कामासाठी घेतात.

ते या कापडाच्या अरुंद पट्ट्या कापतात आणि एकीवर एक अशा ओळींनी शिवतात, घरावर कौलं बसवतात तशा. पट्टी वरच्या बाजूनं शिवलेली, खाली मोकळी. त्या भागातल्या सेनुफो लोकांचे वाजंत्री असे पट्ट्या-पट्ट्यांचे, पिसांसारखे पोशाख घालतात, त्यावरून त्यांना ही पद्धत सुचली. कितीतरी मीटर लांबीचं काम असं भरलं जातं. गडद निळ्यापासून सुरुवात होते आणि ओळीगणिक रंग फिका होत जातो, पहाटे आभाळ उजळतं तसा.

हे काम फक्त समोरून पाहू नका. भिंतीला खांदा लावल्यासारखं अगदी बाजूला जाऊन, तिरकं पाहा. समोरून सपाट वाटणारं कापड बाजूनं पक्ष्याच्या पंखासारखं उभारलेलं दिसतं. एका पट्टीखालून दुसऱ्या रंगाची कड डोकावते. कुणी जवळून चाललं तर तेवढ्या वाऱ्यानंही पट्ट्या थरथरतात. आणि शिवणारी बाई असेल तर तिला आणखी एक दिसेल. शेकडो पट्ट्या एका सरळ रेषेत, एकसारख्या अंतरावर शिवणं किती अवघड आहे! एक ओळ बोटभर तिरकी गेली तर पुढच्या सगळ्या तिरक्या जातील. बाजूनं पाहिलं की ही शिस्त कळते. ही दुसरी रीत.

शिक्के आणि ठिगळं वाचायची

तिसरे कलाकार इब्राहिम महामा. हे तरुण आहेत, जन्म १९८७. घानाच्या उत्तर भागातलं तमाले हे त्यांचं गाव.

घाना देश कोकोसाठी प्रसिद्ध आहे. कोको म्हणजे ज्या बियांपासून चॉकलेट होतं त्या बिया. त्या परदेशी पाठवायला तागाच्या गोणी लागतात. ताग तिथला नव्हे. गोणी आपल्या आशियातल्या ताग पिकवणाऱ्या देशांतून तयार होऊन जातात. एकदा कोको भरून झाला की त्याच गोणीतून तांदूळ जातो, बाजरी जाते, शेवटी कोळसा जातो. फाटली की ठिगळ लावतात. मालकानं आपलं नाव रंगानं घातलेलं असतं, वर देशाचा शिक्का असतो. बाजार समितीच्या आवारातलं बारदान ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यांपुढं ही गोणी लगेच उभी राहील.

महामा नव्या गोणी देऊन व्यापाऱ्यांकडून या जुन्या गोणी बदलून घेतात. मग माणसं लावून त्या एकमेकींना शिवतात, आणि त्या प्रचंड गोणपाटानं अख्ख्या इमारती झाकतात. २०१७ साली जर्मनीतल्या कासेल गावी एका मोठ्या प्रदर्शनात त्यांनी अशाच दोन दगडी इमारती झाकल्या होत्या.

लांबून हे काम म्हणजे मातकट रंगाचं ओझं दिसतं. देखणं म्हणवत नाही. इथं जवळ जाऊन वाचायचं असतं. शिक्का वाचायचा, नाव वाचायचं, ठिगळ बघायचं. ठिगळ घाईत लावलंय की सवडीनं? काळा डाग कोळशाचा की तेलाचा? कोपरे कुठं झिजलेत? कोपरे झिजतात ते पाठीवरून उतरवताना आणि फरशीवरून ओढताना. म्हणजे हमालाची पाठ तिथं लिहिलेली असते. चॉकलेटच्या कागदावर त्या हमालाचं नाव नसतं. गोणीवर त्याची खूण असते. मोठ्या शहराच्या मध्यभागी, दगडी इमारतीवर ती खूण टांगली की जाणाऱ्या-येणाऱ्याला मान वर करून पाहावंच लागतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात महामांनी लंडनमधल्या बार्बिकन या सिमेंटच्या अवाढव्य कलाकेंद्राचा एक भाग गुलाबी-जांभळ्या कापडानं झाकला. या वेळी गोणी नव्हत्या, हातमागावर विणलेलं नवं कापड होतं. सुमारे २००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापानं साधारण २० गुंठे. तमालेतल्या विणकरांनी ते विणलं आणि शिवणाऱ्यांनी हातानं जोडलं. एवढं कापड पसरायला कुठलंही घर पुरेना, म्हणून खेळाच्या मैदानावर अंथरून शिवलं. त्या कापडावर जुने बाताकारी अंगरखे टाचले होते. बाताकारी म्हणजे उत्तर घानातला हातमागाचा ढगळ अंगरखा. राजापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे घालतात आणि घरात तो पिढ्यानपिढ्या जपतात. आपण आजीचं लुगडं गोधडीच्या पोटात घालतो तसंच हे आहे. लांबून पाहणाऱ्याला इमारत रंगवल्यासारखी दिसे. जवळून पाहणाऱ्याला कुणाच्या तरी आजोबाचा अंगरखा दिसे.

शिक्का, डाग, ठिगळ आणि झीज वाचायची, ही तिसरी रीत.

चालत चालत, आणि दार उघडून

चौथं काम बायकांचं आहे. तुमच्यासारख्याच गावातल्या, गटातल्या बायकांचं.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागात कीस्काम्मा नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी हॅम्बर्ग नावाचं छोटं खेडं आहे. पुरुष कामासाठी दूर शहरात, खाणींत. गावात म्हाताऱ्या, बाया आणि पोरं. २००० साली कॅरोल हॉफमायर नावाच्या डॉक्टर बाई तिथं राहायला आल्या. त्या चित्रकारही होत्या. त्यांनी गावातल्या बायांना जमवून भरतकामाचा गट सुरू केला. दोन पैसे हाती यावेत हा पहिला हेतू.

या बायांनी एक मोठं काम हाती घेतलं. आपल्या खोसा लोकांचा इतिहास सुईनं लिहायचा. फ्रान्समध्ये सुमारे ९०० वर्षांपूर्वीचं एक भरतकाम आहे, जवळपास ७० मीटर लांब. त्यात एका राजानं दुसऱ्याचा देश कसा जिंकला ते दाखवलंय. हॅम्बर्गच्या बायांनी त्यावरून कल्पना घेतली आणि १२० मीटर लांब पट्टी भरली. जवळजवळ ४०० फूट. गोणपाटावर लोकरीचा टाका. फरक असा, की जुनी पट्टी जिंकणाऱ्याची गोष्ट सांगते, ही पट्टी जमीन आणि गुरं गमावणाऱ्यांची. इंग्रजांबरोबरच्या लढाया, एका मुलीच्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवून लोकांनी आपलीच गुरं मारली तो भीषण काळ, गोऱ्यांचं राज्य, आणि शेवटी १९९४ साली सगळ्यांनी मिळून केलेलं पहिलं मतदान.

हे काम एका नजरेत मावत नाही. ते चालत पाहायचं. चालता चालता टाक्याकडं लक्ष ठेवलं तर हात बदललेला कळतो. इथं टाका लांब आहे, इथं आखूड. एकीनं गाईचं अंग आडव्या टाक्यानं भरलं, दुसरीनं गोल फिरवून. शंभरावर बायांचे हात आहेत, प्रत्येकीचं अक्षर वेगळं. आणि गाई पाहा. गुराख्याच्या घरातली बाईच गाईची मान अशी वळवू शकेल. ही पट्टी केप टाउनच्या संसद भवनात लागली. जे सरकार चालवतात त्यांच्या डोळ्यांसमोर खेड्यातल्या बायांनी सुईनं लिहिलेला इतिहास. २०२२ च्या जानेवारीत त्या भवनाला मोठी आग लागली, पण त्यातून ही पट्टी बचावली.

त्याच वर्षांत गावावर दुसरं संकट आलं होतं, एड्सचं. तरणी माणसं जात होती. दर आठवड्याला कुणाची तरी मयत. आया गेल्या, मुलं आज्यांच्या पदरात राहिली. उघड बोलायची सोय नव्हती, लाज आणि भीती. तेव्हा या बायांनी २००५ साली दुसरं काम केलं. युरोपात इझेनहाइम गावच्या मठातल्या दवाखान्यासाठी ५०० वर्षांपूर्वी काढलेलं एक मोठं चित्र आहे. दारासारखं उघडतं, आत दुसरं चित्र, त्याच्या आत तिसरं. तिथले रुग्ण अंगाची आग होणाऱ्या भयंकर रोगानं गांजलेले असत. त्यांना धीर यावा म्हणून ते चित्र. हॅम्बर्गच्या बायांनी त्याच मापाचं, तसंच उघडणारं काम कापड, भरतकाम, मणी आणि तार वापरून केलं. जवळपास ४ मीटर उंच, उघडल्यावर ६ मीटरांहून जास्त रुंद.

दारं बंद असताना मध्यभागी नवरा गेलेली एक बाई दिसते, दुखवट्याच्या कपड्यांत. दारं उघडली की आत गाव दिसतं, झाडं, पक्षी, मासे, माणसं, आनंदी रंग. आणखी एकदा उघडलं की सगळ्यांत आत गावातल्या तीन आज्या, आपापल्या नातवंडांना घेऊन. या आज्यांचे मात्र फोटो आहेत, माणसाएवढे मोठे. देवाच्या चित्रात जिथं संत असतात तिथं त्या उभ्या आहेत. फोटोत आपण एका वेळी एकच दार पाहतो. समोर उभं राहणाऱ्याला आधी दुःखापुढं थांबावं लागतं, मग दार उघडतं. हे थांबणं हाच त्या कामाचा अर्थ आहे. म्हणून चौथी रीत अशी, की काम जितका वेळ मागतं तितका द्यायचा.

कुणी शिवलं?

या चारही रीती झाल्यावर एक प्रश्न विचारायचा राहतो. हे कुणी शिवलं?

मोठ्या कामाखाली सहसा एक नाव असतं. कल्पना त्या कलाकाराची असते, जोखीम त्याची असते, हे खरंच. पण २० गुंठे कापड एकटा माणूस शिवू शकत नाही. विणणारे, रंगवणारे, बडवणारे, तार पिळणारे शेकडो हात असतात. काही ठिकाणी त्यांची नावं सांगितली जातात, काही ठिकाणी नाही. समोर उभं राहिल्यावर टाके पाहून ते हात ओळखायचे, आणि नाव, मजुरी यांबद्दल विचारायचं. तो पाहणाऱ्याचा हक्क आहे.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. आपल्या गटाची गोधडी प्रदर्शनात जाते तेव्हा पावतीवर गटाचं नाव असतं, बाईचं नसतं. किंमत विचारली की आपण कापड आणि दोरा यांचा हिशोब सांगतो. हाताचे दिवस धरत नाही. कारण आपल्याच कामाकडं आपण कधी चार पावलं मागं होऊन पाहिलेलं नसतं. ते नेहमी मांडीवर असतं, घडीत असतं, नाहीतर अंगावर असतं. गिऱ्हाईक 'जुन्या चिंध्याच तर आहेत' म्हणालं, तर उत्तर देता येत नाही. ज्या बाईला दुसऱ्याचं काम वाचता येतं, तिला आपल्या कामाबद्दलही चार वाक्यं सांगता येतात. टाके किती, दिवस किती, हे लुगडं कुणाचं, ही मांडणी का. ही वाक्यं किमतीत उतरतात.

आपल्या जवळ काय पाहता येईल?

तमालेत महामांनी स्वतःच्या कमाईतून मोठं कलाकेंद्र उभारलंय. तिथं शाळेची पोरं आणि गावकरी फुकट येऊन मोठी कामं पाहतात. आपल्याला तिथं जाणं अवघड. पण कोचीला दर दोन-तीन वर्षांनी बिनाले नावाचं मोठं कला-प्रदर्शन भरतं. २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रदर्शनात महामांनी जुन्या गोदामात तागाची गोणपाटं लावून आणि जुन्या खुर्च्या मांडून सभागृह उभं केलं होतं. लेक, भाचा लंडनमध्ये असेल तर तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये अनात्सुईंची 'पुरुषाचं कापड' आणि 'बाईचं कापड' या अर्थाच्या नावांची दोन कामं आहेत, ती पाहायला सांगा. आणि नुसता फोटो मागू नका. 'जवळून काय दिसलं?' असं विचारा.

आणखी जवळचं सांगते. गोव्याच्या शेजारी, कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पुष्कळांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून ते पळून रानात गेले. त्यांच्या घरात कोकणी बोलली जाते, मराठी-कानडी शब्द मिसळलेली. तिथल्या बाया जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कडेनं सुरुवात करून, गोल गोल फिरत, टाका मध्यावर आणून संपवतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून तिकोनी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. आता या कवंद्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या जातात. त्याही याच रीतीनं पाहता येतात.

आणि सगळ्यांत जवळची वस्तू तुमच्या घरात आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली सगळ्यांत जुनी गोधडी किंवा वाकळ आणा. समाजमंदिरात दोरी बांधा आणि गोधडी उभी टांगा, अंथरू नका. वीस पावलं मागं जाऊन पाहा. काय दिसतं, शेत, आभाळ, नदी? मग जवळ जा, टाके मोजा, एका वितीत किती? मग बाजूनं पाहा. मग उलटून पाठ पाहा, कारण खरी शिवण पाठीला कळते. कुठलं कापड कुणाच्या अंगावरचं होतं ते म्हाताऱ्यांना विचारा. आणि शेवटी, शिवणारीचं नाव आणि अंदाजे साल एका कापडाच्या तुकड्यावर लिहून मागच्या बाजूला चार टाक्यांनी टाचून ठेवा.

पाहून झाल्यावर गटात या तीन प्रश्नांवर बोला. लांबून एक आणि जवळून दुसरं दिसलं, असं काय होतं? या कामाला किती दिवस लागले असतील, आणि रोजाच्या हिशोबानं किंमत किती होईल? आणि यातल्या कुठल्या बाईचं नाव आपल्याला आता कुणीच सांगू शकत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ घरांत 'माहीत नाही' असंच येईल. म्हणून तो चिंधीवरच्या नावाचा टाका विसरू नका.